कोरा सातवा रकाना

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो, आणि मला स्वस्थ बसवत नाही. शाईकाका खण उघडतात तेव्हा मी कधी आडवा झालेला असतो, कधी उलटा. "ह्याला रोज कोण हलवतं?" असं ते पुटपुटतात. कोणी हलवत नाही. माझ्याच जिवाची घालमेल होते, त्याला मी काय करू?

माझी मूठ लाकडाची आणि तोंड रबराचं आहे. मला घडवणारा कारागीर जीभ दातांत धरून एकेक अक्षर कोरत होता, तेही उलटं. 'करमाफ' हा एवढा एकच शब्द माझ्या वाट्याला आला. मला न्यायला आलेल्या शिपायाला तो म्हणाला, "जपून वापरा बरं. हा उमटला की कोणाच्या तरी डोक्यावरचं ओझं उतरतं." ते ऐकून मी हुरळून गेलो. लोकांची ओझी उतरवायची, याहून चांगलं काम ते कोणतं!

मला घरपट्टीच्या कचेरीत आणलं. शाईकाका तिथले तपासनीस. त्यांची बोटं कायम जांभळी असत, म्हणून सगळे त्यांना शाईकाका म्हणत. माणूस नाकासमोर चालणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. प्रार्थनेच्या जागांना कर माफ असे आणि त्यासाठीच्या अर्जात नऊ रकाने होते. सातव्यात विचारलं होतं, 'येथे कोणाची उपासना होते?' तो भरलेला असला की शाईकाका मला पिशवीत घालून जागा पाहायला जात, मला शाईच्या गादीवर टेकवत आणि ठप्पकन दाबत. सातवा कोरा असला की अर्ज आल्या पावली परत. बाकीच्या आठ रकान्यांत काय लिहिलंय, ते कोणी फारसं वाचत नसे.

सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची गेली. लोक माझा ठसा वाळेपर्यंत कागद हातात धरून उभे राहत आणि मग घडी घालून छातीजवळच्या खिशात ठेवत. मला वाटायचं, मी म्हणजे कोण!

मग एक दिवस एका गोदामवाल्याचा अर्ज आला. आम्ही जागा पाहायला गेलो. पोत्यांच्या थप्प्यांमागे एक कोनाडा आणि त्यात एक दिवा होता. दिव्याची वात पांढरीशुभ्र, एकदाही न पेटलेली. मी पिशवीतून नीट पाहिली. पण सातवा रकाना ठासून भरला होता. ठप्प! माझी अक्षरं अर्धीमुर्धीच उमटली. शाई कमी पडली असं समजून शाईकाकांनी मला पुन्हा दाबलं. मित्रांनो, माझी झोप उडाली ती तेव्हापासून.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नर्सताई कचेरीत आल्या. इस्पितळातून निवृत्त झालेल्या बाई, आवाज खणखणीत. देव न मानणाऱ्या चाळीसेक माणसांनी मिळून एक दालन चालवलं होतं. तिथे ते आठवड्यातून एकदा जमत, वाचत, वाद घालत. आतल्या बाजूला चार खाटा होत्या. ज्यांचं आता फार दिवसांचं उरलं नाही आणि ज्यांना पाहायला कोणी नाही, अशांसाठी. कर भरणं त्यांना झेपत नव्हतं. माफी मिळाली नाही, तर महिनाअखेरीला दालन बंद आणि खाटा रस्त्यावर.

शाईकाकांनी अर्ज वाचला आणि सातव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ताई, हा कोराच आहे."

"मग काय लिहू? आम्ही कोणाचीच उपासना करत नाही."

"अहो, काहीतरी लिहा की. कोपऱ्यात एक दिवा ठेवा. मी बघितल्यासारखं करतो."

"शेजारच्या प्रार्थनाघराला माफी आहे. तेही आजाऱ्यांना भेटतात, दुःखात लोकांजवळ बसतात. आम्हीही तेच करतो. त्यांनी खरं सांगायचं आणि आम्ही खोटं बोलायचं, हा कुठला न्याय हो?"

शाईकाकांनी अर्जाची घडी घातली. "येऊन बघतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दालनात गेलो. फरशी नुकतीच पुसलेली, खिडक्या सताड उघड्या. चौथ्या खाटेवर होते शेजारच्या प्रार्थनाघराचे बाबा. सारा जन्म त्यांनी तिथे सेवा केली, पण म्हातारपणी कूस बदलून द्यायला तिथे कोणी नव्हतं. भिंतीच्या या बाजूला नर्सताई होत्या, म्हणून ते इथे आले. ताई खाटेजवळ बसून बाबांना त्यांचीच प्रार्थनेची पोथी वाचून दाखवत होत्या. एक ओळ गाळली, तर बाबांनी डोळे मिटूनच बोट वर केलं. ताई हसल्या आणि ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली.

शाईकाकांचा चेहरा उजळला. "झालं की काम! इथे उपासना होते. लिहितो मी सातव्यात!"

"नाही," ताई म्हणाल्या. "ती त्यांची आहे. मी फक्त वाचते. त्यांची श्रद्धा आमच्या नावावर चढवू नका."

शाईकाकांनी मला शाईवर टेकवलं आणि त्या कोऱ्या रकान्याच्या कागदावर धरलं. मी बोटभर अंतरावर होतो. आता, आता, असं मला होत होतं. पण काकांनी हात मागे घेतला. त्यांनी मला पुसलं आणि पिशवीत टाकलं. "नियम आहे, ताई," ते म्हणाले, पण मान वर करून नाही. नर्सताईंनी पोथी पुन्हा उघडली. बाबा मात्र डोळे उघडून आमच्याकडे पाहत होते.

त्यानंतरचे दिवस मी खणात कसे काढले, माझं मला ठाऊक! महिना संपत आला होता. अशात प्रार्थनाघराचा वार्षिक अर्ज आला. त्याचा सातवा रकाना कोरा होता. प्रार्थनाघराच्या कागदांवर अजून बाबांचीच सही लागे; ती खाली वाकडीतिकडी होती आणि मागे एक ओळ: 'शेजारणीचा कोरा चालत नसेल, तर माझाही चालवू नये.'

शाईकाकांनी ताईंचा अजून परत न पाठवलेला अर्ज खणातून काढला. मग दोन्ही अर्ज आणि मला घेऊन मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. एरवी साहेबांपुढे त्यांची बोबडी वळत असे.

"बाबा विसरले असतील," साहेब म्हणाले. "तुम्हीच भरा."

"विसरले नाहीत, साहेब. मागे वाचा. नियमाप्रमाणे परत पाठवू का?"

"वेड लागलंय का? सगळं गाव अंगावर येईल! आमची आईसुद्धा तिथेच जाते."

"मग शिक्का मारू?"

"मारा."

"दोन्हींवर ना, साहेब? रकाना तर दोन्हींचा कोरा आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मारा. पण ताईंचा या वर्षापुरताच. पुढचं पुढे बघू."

मी दोनदा उमटलो, मित्रांनो, आणि दोन्ही वेळा एकही अक्षर फिकं पडलं नाही.

कागद न्यायला नर्सताई आल्या. बाबा आदल्या दिवशी गेले, असं त्यांनी सांगितलं. पोथी शेवटच्या पानापर्यंत वाचून झाली होती. शाईकाकांनी बाबांचा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. ताईंनी तो पुढून वाचला, मागून वाचला आणि त्या बाकावर बसल्या.

"सही करताना मीच त्यांच्या पाठीला उशी लावली होती," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा कागद कशाला वाचायचा, म्हणून बघितलंसुद्धा नाही."

आता माझं रबर तडकलं आहे. वर्ष सरत आलं आहे. गोदामवाल्याचा नवा अर्ज वरच्या टोपलीत येऊन पडला आहे, सातवा रकाना ठासून भरलेला. ताईंचाही आला आहे, तसाच कोरा. तुमच्यापैकी कोणाच्या हातात कधीतरी माझ्यासारखा शिक्का येईल. त्याला धुळीपासून जपलं नाही तरी चालेल, पण तो टेकवण्याआधी एकदा आत जाऊन त्या खाटा बघा. शाईकाका येत आहेत. त्यांच्या हातात आज दोन्ही कागद आहेत.