तीन दिवसांच्या प्राध्यापक

दवाखान्याच्या दाराशी फलकावर डॉक्टरांची पाच पदं रंगवलेली होती आणि आत डॉक्टर होत्या एकच. बाकीच्या चार पदांपुढे इतकी वर्षं कोणाचं नाव चढलं नव्हतं, की कंपाउंडर म्हणायचा, रंगारी रजेवर गेलाय.

त्या सोमवारी रुग्णांची रांग पायऱ्या उतरून रस्त्याला लागली होती. आत दवाखान्याची आया, जिला सगळे मावशी म्हणत, धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तेवढ्यात पत्र आलं. डॉक्टरबाईंनी तीन दिवस शहरातल्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात हजर व्हावं, तिथे तपासणी आहे.

या भागात डॉक्टर नाहीत, म्हणून महाविद्यालयाला शंभर जागांच्या दोनशे जागा करून हव्या होत्या. जागा वाढायच्या तर शिकवणारे पुरेसे दिसायला हवेत. म्हणून या भागात होते नव्हते तेवढे डॉक्टर उचलून तिथे बसवायचे. दर तपासणीची रीतच होती ती. लग्नघरी शेजारच्या सतरंज्या आणाव्यात, तितक्या सहज माणसं आणली जात, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

डॉक्टरबाईंचा मात्र पाय निघेना. मावशीच्या सुनेला नववा लागलेला, पाय सुजलेले, रक्तदाब वर. “मावशी, हिचं लक्षण मला बरं दिसत नाही. येत नाही म्हणून कळवते,” त्या म्हणाल्या.

मावशीनं हात जोडले. तिची लेक त्याच महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होती. “जा बाई. सुनेला अजून पंधरा दिवस आहेत. तुम्ही गेला नाहीत आणि कॉलेजच बसलं, तर माझी लेक धड ना इकडची, धड ना तिकडची.”

आणि तिनं स्वतःच्या हातानं बाईंच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री केली. करता करता गुणगुणलीही:

लेक माझी शिकते गं, दूर गावाच्या शाळेत
तिच्या वाटणीचं काम, माझ्या सुनेच्या ओंजळीत

खोटं नव्हतं ते. नणंद सुटीवर आली की सून तिच्या हातातली केरसुणी काढून घ्यायची. डॉक्टरीणबाई, तुमचे हात नाडी धरायला ठेवा, म्हणायची. केराला काय, मी जन्माची आहेच.

मंगळवारी सकाळी भांडी विसळताना सून म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मावशीनं तिला दवाखान्यात नेलं, तोवर झटके सुरू झाले. सिस्टरनं इंजेक्शन दिलं, गाडी मागवली, बाईंना सात वेळा फोन लावला. तपासणीत फोन काढून घेतात, हे तिला कुठून ठाऊक असणार? बाईंची खुर्ची रिकामी होती. शहर सव्वादोन तासांवर होतं. वाटेत कुठेतरी, एका वळणावर, पोटातल्या बाळाचे ठोके थांबले.

गाडी लागली ती महाविद्यालयाच्याच रुग्णालयात. तिथे परिचारिका होत्या, खाटा होत्या, नवे कोरे पडदे होते. डॉक्टर मात्र सगळे वर दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या सभागृहात मोजले जात होते.

निरोप मिळताच लेक धावत खाली आली. वहिनीची नाडी तिनं धरली. पाखराच्या उरासारखी फडफडत होती ती. भिंतीला टेकलेली आई तिच्याकडे न बघता म्हणाली, “बाईंना मीच धाडलं गं. तुझ्यासाठी.”

लेक जिना चढून थेट सभागृहात शिरली. ओळीनं टेबलं, टेबलांवर नावाच्या पाट्या, पाट्यांमागे आणलेली माणसं. तिच्या गावच्या बाईंपुढची पाटी म्हणत होती, प्राध्यापक. लेकीनं एवढंच सांगितलं, वहिनी खाली आहे, झटके येताहेत. ऐकता ऐकता डॉक्टरबाई उठल्या आणि कोणाची परवानगी न मागता जिन्याकडे पळाल्या.

मुलगी त्यांच्यामागे निघाली तेव्हा तपासनीसांनी तिला थांबवलं. गृहस्थ वयस्क होते, आवाज मऊ होता. “या बाई तुम्हाला काय शिकवतात?”

महाविद्यालयाचे प्रमुख, अधिष्ठाते, मुलीकडे बघत राहिले. सगळ्या विद्यार्थ्यांकडून आठवडाभर घोकून घेतलेलं उत्तर होतं ते. एक शब्द, प्रसूतिशास्त्र, आणि तिची जागा शाबूत राहिली असती.

“काही नाही,” ती म्हणाली. “त्या आमच्या गावच्या डॉक्टर आहेत. कालपासून गावात डॉक्टर नाही. प्रसूतिशास्त्र आम्हाला कोणीच शिकवत नाही.”

तपासनीसांनी लेखणी उचलली आणि तशीच धरून ठेवली. हे लिहिलं तर पुढच्या वर्षी या कॉलेजचं काय होईल, तुमचं स्वतःचं काय होईल, ठाऊक आहे ना, असं त्यांनी विचारलं.

“लिहा,” ती म्हणाली.

वहिनी जगली. बाळ डॉक्टरबाईंनी काढलं ते आधीच गेलेलं. दुपारी अधिष्ठात्यांनी मुलीला बोलावलं. ते ओरडले नाहीत. थकलेले दिसत होते. मीही याच मातीतला आहे, म्हणाले. शिक्षक मागून मागून माझी बोटं झिजली, कोणी देत नाही, म्हणून हे सोंग. मग मात्र त्यांचा स्वर चढला.

“तुझ्या एका वाक्यानं या भागाचे शंभर डॉक्टर गेले.”

“जागा दोनशे करा, चारशे करा, सर. या भागाला हव्याच आहेत,” ती म्हणाली. “पण त्या शंभरांना शिकवणार कोण होतं?”



तपासणीचा निकाल अजून लागलेला नाही. मुलगी रोज वर्गात जाते, पहिल्या बाकावर बसते आणि शिकवणाऱ्याची वाट बघते. दरम्यान शेजारच्या महाविद्यालयाची तपासणी ठरली आहे आणि पत्रं निघाली आहेत. वाचकहो, हे वाचून झालं की आपल्या दवाखान्यात एक चक्कर टाका. खुर्चीत डॉक्टर आहे का बघा. नसेल, तर कुठे बसवलाय ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.