ऑरिनने टोपी उतरवली

सात वर्षं ऑरिन टॅकेट कॅमेऱ्यापुढे मार खात आला होता. कधी दरोडेखोर, कधी दगाबाज सावकार; शेवटी गोळी ठरलेलीच. आता त्याला दुसऱ्याच्या पिक्चरमध्ये मरायचं नव्हतं, स्वतःचा पिक्चर काढायचा होता. कंपनीचे मॅनेजर ब्रांटसाहेब हो-ना करत कबूल झाले, पण दोन अटी घालून. शेवटी चोराला पकडणारा शेरीफ ऑरिननेच करायचा, कारण लोक त्याच्या तोंडाकडे बघून तिकीट काढतात. आणि शनिवारी सूर्य मावळायच्या आत पिक्चर पुरा. नाही झाला, तर पुन्हा मुकाट्याने मार खायचा.

शनिवारी दुपारी हॉलिवूडमागच्या टेकडीवर फक्त शेवटचा पाठलाग उरला होता; शेरीफ दिसणार होता तो याच एका प्रसंगात. म्हाताऱ्या हाल्वरने कॅमेऱ्याचं हँडल फिरवायला घेतलं. चोर पळाला. ऑरिनने घोडा असा पिटाळला की बघणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. त्या भरात तो ओरडला, "थांब!"

हाल्वरने हँडल सोडलं.

"अरे, तुला नाही! चोराला म्हटलं मी!"

"मला काय स्वप्न पडलंय? डायरेक्टर थांब म्हणाला की माझा हात थांबतो. आणि मुक्या पिक्चरमध्ये ओरडतोस कुणासाठी? घोड्यासाठी?"

दुसऱ्या खेपेला ऑरिनने ओठ आवळून धरले. हँडल फिरत राहिलं, पण चोर भलतीकडेच वळला आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर गेला. 'डावीकडे वळ, मागे बघ' असं ओरडून सांगणारा माणूस कॅमेऱ्याजवळ नव्हताच. तो घोड्यावर बसला होता.

"अर्धा तास ऊन आहे," हाल्वर म्हणाला. "फिल्मही एकाच खेपेपुरती."

ऑरिन घोड्यावरून उतरला. त्याला स्वतःचाच राग आला होता. त्याने शेरीफची टोपी काढली आणि रुफिनोला हाक मारली. आजवर पिक्चरमध्ये ऑरिनच्या वाटचं प्रत्येक पडणं रुफिनोने अंगावर घेतलं होतं, नेहमी कॅमेऱ्याकडे पाठ करून.

"ही घाल."

"कुठे पडायचं, साहेब?"

"पडायचं नाही. चोराला पकडायचं. आणि तोंड कॅमेऱ्याकडे ठेवायचं."

रुफिनोने टोपी डोक्यावर चढवली आणि घोड्याचा लगाम धरला.

"ब्रांटसाहेब तुला कच्चा खातील," हाल्वर म्हणाला.

"खाऊ देत. घोड्यावर बसून मला काही दिसत नाही. तू फिरव."

यावेळी ऑरिन कॅमेऱ्याशेजारी उभा राहून जीव तोडून ओरडला. "डावीकडे! मागे बघ! रुफिनो, आता!" चोर वळायचा तिथे वळला. रुफिनोने त्याची कॉलर धरली आणि मान वर केली. फिल्म संपली तेव्हा टेकडीवर सावली चढली होती.

रुफिनो धापा टाकत आला. "साहेब, दिसलं का माझं तोंड?"

ऑरिनचा घसा पार बसला होता. त्याने नुसती मान डोलावली. स्वतः पडद्यावर झळकला होता तेव्हाही त्याला इतका आनंद झाला नव्हता.