ओढ्याकाठचा वाफा

पास्तो शहराच्या विद्यापीठात बटाट्याच्या करपा रोगावर बोलावं तर डॉ. लिबार्दो एरासोंनीच, असं सगळे म्हणत. मान मोठा, वय एकसष्ट, आणि त्या मंगळवारी दुपारी हा मोठा माणूस स्वतःच्याच खोलीत चोरासारखा बसला होता.

समोर मिरेया क्वास्तुमाल होती, त्यांची जुनी विद्यार्थिनी. आल्या आल्या तिनं अर्धं पोतं बटाटे टेबलाशी टेकवले, "बाबांनी दिलेत," म्हणाली आणि पिशवीतून जर्नलकडून आलेलं परीक्षण काढलं.

"बघा ना प्रोफे, मेल्यानं सालटी काढलीत माझी! चार महिने पेपर दाबून ठेवला, आणि वर हे!"

मेला समोरच बसला होता. लेखकाला परीक्षक कळू द्यायचा नाही आणि परीक्षकाला लेखक, असा त्या जर्नलचा नियम. पण पेपर हातात आला तेव्हा दुसऱ्या पानावरच एरासोंनी ओळखलं होतं की हे मिरेयाचं काम. तेव्हाच संपादकाला लिहायचं, की मी हिला ओळखतो, शिवाय याच विषयावर माझाही पेपर चालू आहे, दुसऱ्या कुणाला द्या. दोन ओळींचं तर काम! नाही लिहिलं. पेपर दाबून ठेवला, तेवढ्यात स्वतःचा दुसऱ्या जर्नलला पाठवला आणि मग सावकाश हिचा सोलायला घेतला. याला चोरी म्हणायचं नसेल तर नका म्हणू, पण मग दुसरा शब्द सांगा.

मिरेयाला महिनाअखेर पेपर स्वीकारल्याचं पत्र हवं होतं. नाहीतर इपियालेसच्या कॉलेजातली कायमची जागा दुसऱ्याला जाणार होती.

"ऐका हं. 'लेखकाला शेतीतलं काही कळतं असं दिसत नाही.' मला? बटाट्याच्या सरीत रांगले मी!"

"हं. जरा कडकच लिहिलंय," एरासो म्हणाले.

"आणि हे तर बघाच. 'एरासो यांच्या तीन पेपरांचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख पूर्ण होणार नाही.' कुणीतरी भक्त दिसतोय तुमचा!"

ती हसली. एरासोही हसले. काय करणार, हसावं लागलं.

मग तासभर ती आक्षेप वाचत गेली आणि ते उत्तरं सांगत गेले. आपणच कुरतडायचं आणि आपणच फुंकर घालायची, तसला प्रकार. उत्तरं मात्र अशी चोख की कुठलाही परीक्षक गप्प बसावा. मध्ये तीनदा त्यांना वाटलं, सांगून टाकावं. तिन्ही वेळा त्यांनी गार झालेल्या कॉफीचा घोट घेतला.

"शेवटचा," मिरेया म्हणाली. "'खालच्या वाफ्यात पावसात ओढ्याचं पाणी चढतं, म्हणून तिथला करपा हिशेबात धरू नये.' याला काय लिहू?"

"लिही, आता चढत नाही. तुझ्या बाबांनी तिथं बांध घातलाय ना..."

एरासो थांबले. मिरेयानं पेन खाली ठेवलं.

"प्रोफे, मी पेपरात गावाचं नाव लिहिलेलं नाही. शेत कुणाचं तेही नाही. ओढा तर कुठेच नाही."

एरासोंनी कॉफीचा कप उचलला. रिकामा होता.

"त्या ओढ्यावर तुम्ही चिखलाचे बूट धुतले होते. बारा वर्षं झाली. आईनं तुमच्यासाठी घरी पाळलेला कुय मारून भाजला होता, तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेतलात."

"तुला कधी कळलं?"

"परीक्षण वाचलं तेव्हाच. म्हटलं, समोर जाऊन बसू, प्रोफे स्वतःहून सांगतील. तासभर वाट बघितली मी."

एरासोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सबबी काय, ढीगभर होत्या. त्या तशाच राहू दिल्या. त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला आणि संपादकाला लिहायला घेतलं: मी लेखक ओळखला होता, लपवलं, पेपर मुद्दाम अडवला, त्या काळात माझा पुढे पाठवला. माझा आजच मागे घेतोय. हा आजच दुसऱ्या परीक्षकाला द्या. लिहिलेलं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण ती ऐकत नसती तर आपण हे पाठवलं नसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग पाठवलं.

"पत्र येईल महिनाअखेर?" मिरेयानं विचारलं.

"माहीत नाही, पोरी."

तिनं कागद गोळा केले आणि उठली. एरासोंची नजर पोत्यावर गेली.

"हे घेऊन जा. मला नाही शोभत आता."

"ओढ्याकाठच्या वाफ्यातले आहेत," मिरेया म्हणाली. "दरवर्षी पहिले निघाले की बाबा बाजूला काढतात. म्हणतात, हे माझ्या पोरीला शिकवलं त्या माणसाचे. परत नेले तर त्यांना काय सांगू?"

ती पोतं तिथंच ठेवून गेली.