भाड्याचं घर निवडणारा तंबू

मी तंबू बोलतोय. तुम्ही म्हणाल, तंबूला काय बोलायचं असतं, त्यानं गुमान वारा खावा. खाल्ला, पुष्कळ खाल्ला. पण कापडाच्या भिंतीला कान फार असतात, आणि ऐकलेलं पोटात ठेवून ठेवून आता माझ्या शिवणी उसवायला लागल्या आहेत.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. ओळीनं बायका शिलाई मशीनवर बसलेल्या. माझ्या दाराची चेन शिवणारी बाई शेजारणीला म्हणाली, "घर असून हे लोक उघड्यावर झोपायला जातात, यांना काय झालंय गं?" शेजारीण म्हणाली, "आहे ना घर, म्हणूनच." दोघी हसल्या आणि मला पिशवीत कोंबून मोकळ्या झाल्या.

मला विकत घेतलं एका तरुणानं. मोठ्या शहरात तो दिवसभर संगणकापुढे बसायचा. तिशीच्या आतच त्याची पाठ धरली होती आणि खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या सोडून काही दिसत नव्हतं. कंपनीनं एक दिवस सांगितलं, काम कुठूनही करा. झालं, यानं ठरवलं की डोंगराच्या पायथ्याशी जाऊन राहायचं. सकाळी पळायचं, संध्याकाळी नदीवर जायचं, सुटीला कडे चढायचे. पुढे तिथले लोक त्याला डोंगरवेडा म्हणू लागले. मीही तेच म्हणतो.

घर निवडायची त्याची रीत मात्र जगावेगळी होती. दलालाच्या मागे फिरून नळ सोडून बघणाऱ्यांना तो हसायचा. ज्या वस्तीत खोली रिकामी असेल तिथं आधी मला ठोकायचा आणि एक रात्र काढायचा. वारा कुठून येतो, कुत्री किती भुंकतात, डोंगराची वाट किती जवळ, ऊन कधी पोचतं, हे सगळं अंगावर घेऊन बघायचा. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा. घर माणूस निवडत होता, पण कौल माझा घेत होता.

बाजाराजवळची जागा मालट्रकांनी नापास केली. पुलापलीकडची डासांनी. मग आम्ही उतारावरच्या एका दुमजली घराच्या अंगणात आलो. घरमालक दुसरीकडे राहायचा. खालची मागची खोली रिकामी होती. वर भाडेकरू होते. बिनधास्त तंबू ठोका, माणसं चांगली आहेत, असं मालकानं फोनवर सांगितलं.

माणसं खरंच चांगली होती. तिथंच तर सगळं बिघडलं.

वर गावच्या दवाखान्यातली परिचारिका राहायची. सारं गाव तिला सिस्टर म्हणायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पदरात म्हातारे सासरे, आणि त्यांची छाती अशी की ओल आली की धाप लागलीच. त्या दिवशी वारा पिसाळला होता. डोंगरवेडा एक मेख ठोकायचा तर दुसरी उपटायची. सिस्टर कामावरून येत होती. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली, माझी दोरी धरली आणि मेख कशी तिरपी ठोकायची ते दाखवलं. वरून आजोबा ओरडले, "सूनबाई, पाहुण्याला उपाशी झोपवू नकोस. तंबू काय खायला घालणार आहे त्याला?"

त्याला वर नेलं, गरम जेवायला घातलं. सकाळी आंघोळीला पाणीही दिलं. आणि शेजारी येणार म्हणून सिस्टरनं घराचं कौतुक केलं. खालच्या खोलीत जरा ओल आहे, पण घाबरू नका, दिवसभर वर येऊन बसत जा. वस्तीतलं पहिलं ऊन आमच्या खिडकीत येतं. मागच्या दारातून निघालं की थेट डोंगराची वाट, मध्ये रस्ताही नाही. रात्री नदी ऐकू येते. आजोबांची छाती वरच्या या खोलीनंच सांभाळलीय. हे सगळं ती माझ्याच बाजूला, जिन्यावर उभी राहून बोलत होती. ज्याला शेजारी करायचं त्याच्यापासून कोण घराचे गुण लपवतं?

ती दवाखान्यात गेली. डोंगरवेडा माझ्यात येऊन बसला, चेन ओढली आणि मालकाला फोन लावला.

"खालची नको. वरचा मजला असेल तर बोला." मग थोडा वेळ तो ऐकत राहिला. "नाही, भाड्याचं काही नाही, ते मी देईन. पण आत्ता राहतायत ते लोक?" पुन्हा ऐकलं. "बरं. त्यांची सोय होणार असेल तर ठीक आहे."

काय सोय, कुठं, कोण करणार, हे त्यानं विचारलं नाही. उत्तर मिळेल अशी भीती असली की शिकलेला माणूस प्रश्न गिळतो. मग गुणगुणत त्यानं माझ्या मेखा काढल्या. वरून आजोबांनी विचारलं, "पसंत पडलं का?"

"खूप," तो म्हणाला.

महिनाभरात मालकाला छप्पर दुरुस्त करायची आठवण झाली. घर रिकामं करा, मग बघू, असं त्यानं सिस्टरला सांगितलं. तिनं ते खरं मानलं, कारण छप्पर एका कोपऱ्यात गळतच होतं. दुरुस्ती म्हणजे भिंतींना एक हात रंग. छप्पर तसंच राहिलं. आयत्या बिळात नागोबा शिरला आणि त्याच्या खांद्यावर बसून मीही शिरलो.

आता ऐका, त्या उन्हाचं काय झालं. त्याचं टेबल खिडकीपाशी होतं. सकाळचं ऊन संगणकावर पडून अक्षरं दिसेनात, म्हणून त्यानं जाड पडदे लावले. नदीचा आवाज कंपनीच्या ऑनलाइन बैठकीत येतो म्हणून तावदानं बंद केली. कंपनीनं कुठूनही काम करा म्हटलं होतं, केव्हाही थांबा असं म्हटलं नव्हतं. पहिले काही आठवडे तो पळाला. दोनदा मला घेऊन वर मुक्कामाला गेला. मग मी कपाटात, चढायच्या दोरांच्या खाली. मित्रांना मात्र फोनवर सांगायचा, "अरे, घराच्या मागून डायरेक्ट डोंगर." ज्यांना तो डोंगर रोज लागत होता त्यांना काढून यानं तो फोनवर वाजवायला ठेवला.

आणि एक दिवस कंपनीनं सगळ्यांना परत बोलावलं. डोंगरवेड्यानं सामान बांधलं. मी जड, मी नको. नदीकाठच्या मैदानावर तंबूंची रांग असते, तिथं कुणातरी हौशी माणसाला देऊन टाकू, म्हणून त्यानं मला गाडीत टाकलं.

पहिल्याच तंबूपुढे आजोबा बसले होते. गळ्याभोवती मफलर, श्वासाला शिट्टी. डोंगरवेडा खुलला. "अरे वा आजोबा, तुम्हीपण इथं? मस्त जागा निवडलीत."

आजोबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "निवडायला तुम्ही ठेवलं होतं का काही?" ते म्हणाले.

त्याला कळलं. कानाच्या पाळीपर्यंत कळलं, मी पाहिलं. दवाखान्यापासून पायी पोचता येईल अशी एकही खोली सिस्टरला परवडली नव्हती; त्याच्यासारखे बरेच जण डोंगर शोधत आले होते आणि भाडी चढली होती. तो काहीतरी पुटपुटला, मला आजोबांच्या पायाशी ठेवलं आणि गाडीत बसला. आजोबा मला लाथ मारतील असं वाटलं. पण त्यांचा जुना तंबू गळत होता. छातीपुढे स्वाभिमानाचं काही चालत नाही. त्यांनी मला आत ओढून घेतलं.

आता मी यांचं घर आहे. माझ्यावर लिहिलंय, दोन माणसांसाठी. सामान, औषधं आणि खोकला यांचा हिशेब पिशवीवर नसतो. सिस्टर आत वाकून साडी नेसते, बाहेर येऊन ताठ होते आणि कामावर जाते. परवा तिनं कड्यावरून पडलेल्या एका पोराचा पाय बांधला. तो म्हणाला, "नशीबवान आहात सिस्टर, अशा जागी राहता." हे तिनं घरी येऊन सांगितलं. घरी म्हणजे माझ्यात.

काल सकाळी नगरपालिकेचा माणूस आला. उतारावरच्या त्याच घरातल्या नव्या भाडेकरूंनी तक्रार केली होती म्हणे, खिडकीतून कपडे वाळत घातलेले दिसतात. नियम असा की मैदानावर मौजेसाठी तंबू ठोकून एका जागी थोडे दिवस राहता येतं, राहण्यासाठी राहता येत नाही. तो सिस्टरला ओळखत होता. त्याच्या आईला तिनंच हिंडतं-फिरतं केलं होतं. त्याची मान वर होईना.

"सिस्टर, मी विचारतो, तुम्ही नीट विचार करून सांगा. फिरायला आलात की राहायला?"

आत आजोबा खोकत होते. ती याच गावात जन्मली, याच गावच्या अर्ध्या पोरांना तिनं पहिली आंघोळ घातली.

"फिरायला," ती म्हणाली.

"कुठून?"

"लांबून."

त्यानं मान डोलावली आणि पुढच्या तंबूकडे गेला.

घर बघायला जाल तेव्हा ऊन बघा, वारा बघा, जरूर बघा. पण तिथं कुणाचे कपडे वाळत असतील तर ती माणसं कुठं जाणार ते विचारा, आणि उत्तर ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका. एवढंच मागतो. तुम्ही ऐकाल असं मला वाटत नाही.

आज सिस्टरला सुटी होती. मुदत संपायच्या आत तिनं माझ्या मेखा उपटल्या, मला काठाकाठानं थोडं पुढं नेलं आणि पुन्हा ठोकलं. आता काही दिवस आम्ही नवे पाहुणे.