रचून ठेवलेला माल

आमचं जुनं घर पाडायच्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या. आत्याने सही करताना पेन असं दाबलं, की खालच्या टेबलालाही ती वाचता आली असती. जागेवर इमारत उठणार, त्यात आम्हाला फ्लॅट मिळणार, आणि तोवर गावाच्या दुसऱ्या टोकाला सातव्या मजल्यावर भाड्याने राहायचं. आत्याचं इमारतीशी भांडण नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच, की मी या जमिनीवरून हलणार नाही, तुम्हाला काय बांधायचं ते माझ्या आजूबाजूला बांधा. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, तिला समजावलं, की प्लॉट झाडून मोकळा दिल्याशिवाय बिल्डर पाया खणायला घेणारच नाही. आत्या म्हणाली, बरं. ती इतक्या सहज बरं म्हणाली, तिथेच आमच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

पाडायला आलेल्या ठेकेदाराला सगळे हातोडेमामा म्हणत. माणूस असा दणकट, की शिंकला तरी भिंतीचा गिलावा सुटायचा. त्याच्या धंद्याची रीत ठरलेली होती. घरातून निघालेली कौलं, वासे, दारं, विटा सगळं त्याचं, पण गिऱ्हाईक येईपर्यंत माल जागेवरच सांभाळायचा. आत्या रोज सकाळी सातव्या मजल्यावरून उतरायची आणि प्लॉटवर येऊन बसायची. तुमच्या मालावर नजर ठेवते, म्हणाली. मामाला फुकटात राखणदार मिळाली. तो खूश.

आता घर बांधतात खालून वर आणि पाडतात वरून खाली, त्यामुळे आधी निघालं छप्पर. आत्याने सुचवलं, की मामा, कौलांचा नुसता ढीग केलात तर खालची फुटतील, त्यापेक्षा मागच्या कोपऱ्यात वासे मांडा आणि वर कौलं ओळीने लावा. बोलणं पटण्यासारखं होतं. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात एक अख्खं छप्पर जमिनीवर टेकलं. बघणाऱ्याला वाटावं, घर गळ्यापर्यंत मातीत बुडालंय आणि डोकं तेवढं वर राहिलंय. आत्या रांगत त्याच्याखाली शिरली, स्टोव्ह पेटवला आणि सगळ्या गड्यांना चहा दिला.

मग निघाली दारं आणि खिडक्या. लाकूड उन्हात वाकतं, आत्या म्हणाली, छप्पर जरा उचला आणि दारं खाली उभी करा. तसं केलं. भिंतींच्या आधी दारं आल्यामुळे बरेच दिवस तिथे नुसत्या दारांचंच घर होतं. भिंतीचा पत्ता नाही, पण आत्याची शिस्त कडक. एक गिऱ्हाईक दारं बघायला आलं आणि दोन दारांमधल्या मोकळ्या जागेतून सरळ आत शिरलं. आत्याने त्याला बाहेर घालवलं, कडी वाजवायला लावली, शेजारून डोकावून माणूस बरा आहे ना ते पाहिलं आणि मगच दार उघडलं. बिचारा चहा प्यायला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि ज्या दारातून पाहुणा म्हणून आलो त्याचाच भाव कसा विचारायचा, या संकोचात तसाच परत गेला. शेजारची मांजरसुद्धा पुढे पुढे दाराशी बसून ओरडायला लागली. वाऱ्याचं मला नक्की माहीत नाही, पण तोही खिडक्यांतूनच यायचा असं लोक सांगतात.

शेवटी विटा निघाल्या. दारं वाऱ्याने पडतील, तेव्हा विटा त्यांच्या मधे रचा, असं आत्याने सांगितलं. तुमच्यासारखं रचणं दुसऱ्या कुणाला जमत नाही, हेही सांगितलं. मामाची छाती फुगली आणि ओळंबा लावल्यासारख्या विटा चढल्या.

शेवटची वीट निघाली त्या सकाळी इंजिनिअर पायाची आखणी करायला टेप आणि पांढऱ्या फक्कीचं पोतं घेऊन आला. पुढे प्लॉट लखलखीत. मागच्या कोपऱ्यात घर. आमचंच, फक्त तोंड दुसरीकडे केलेलं, रुसून बसल्यासारखं.

"मामा, हे काय आहे?"

"माल आहे साहेब. रचून ठेवलाय."

"मालाला पडदे असतात?"

मामाने पाहिलं. पडदे होते खरे. इतके दिवस त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"धूळ बसू नये म्हणून," आत्या आतून म्हणाली.

इंजिनिअरने दादाला बाजूला घेऊन निक्षून सांगितलं, की खोदायचं यंत्र उद्या येणार आणि ते मागच्या कोपऱ्यापासूनच सुरुवात करणार. कोपरा मोकळा नसला तर यंत्र परत जाईल, मग बिल्डर दुसरी साइट धरेल आणि तुमचं घर राहील कागदावर. दादाचा चेहरा उतरला. तो दाराशी गेला, कडी वाजवली.

"आत्या, माझ्या पोरांना घर नको का?"

आत्याने दार उघडलं. मग स्टोव्ह उचलून बाहेर आली. "मी कुठे नाही म्हणते? काढा मामा."

इंजिनिअर पुढच्या बाजूने मान खाली घालून फक्की टाकायला लागला. मामा वर चढला. त्याला एकच पद्धत ठाऊक, वरून खाली. छप्पर उतरवलं आणि सवयीने विचारलं, "आत्या, कुठं ठेवू?"

"पुढच्या कोपऱ्यात. वासे खाली, कौलं वर."

दारं निघाली तेव्हा तिला बोलावंही लागलं नाही. उन्हात वाकतील, असं मामाच गड्यांवर ओरडला आणि छप्पर उचलायला लावलं. विटा तर त्याने स्वतःच्या हाताने लावल्या, पहिल्यापेक्षा सरळ.

ऊन कलताना इंजिनिअरने मान वर केली. मागचा कोपरा रिकामा होता. पुढच्या कोपऱ्यात घर उभं होतं, या वेळी रस्त्याकडे तोंड करून, दाराशी पायपुसणं टाकून. तो फक्कीच्या पोत्यावर बसला. बराच वेळ नकाशा बघत होता. पुढच्या कोपऱ्यात गाड्या लावायची जागा होती, तिचं खोदकाम सगळ्यात शेवटी.

"आत्या, मागचं काम झालं की हा माल मागे..."

"हलवू की. मामा आहेतच." आणि वर म्हणाली, "तुमच्या ऑफिसला जागा लागेल ना? बाहेरची खोली घ्या. चपला मात्र दाराशी."

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं आणि मुकाट मागच्या कोपऱ्याला लागलं. इंजिनिअरचं टेबल बाहेरच्या खोलीत गेलं. आत्याने या घरात आणून ठेवलेली ट्रंक परत न्यायला दादाने टेम्पो आणला होता, तो त्याने उलट सातव्या मजल्याकडे पिटाळला, तिचा पलंग आणायला. पलंग आला तसा आत्याने तो मागच्या खिडकीला लावून घेतला. यंत्र चालवणारा माणूस तिला जरा आळशी वाटत होता.