थोडा गॅस राहू द्या

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे ह्यांचं दुकान होतं. रस्त्याकडच्या खिडकीला आतून जाळी आणि जाळीला टांगलेल्या रायफली. अनोळखी माणूस खिडकीसमोरून गेला की हमखास दचकायचा. खऱ्या नव्हत्या त्या. सुट्टीच्या दिवशी रानात दोन तट पाडून लढाई-लढाई खेळणाऱ्या मोठ्या माणसांच्या होत्या. त्यांतून वाटाण्याएवढ्या प्लॅस्टिकच्या गोळ्या उडायच्या, गॅसच्या जोरावर. समोरचा शिंपी रोज दुकान उघडता उघडता ह्यांना विचारायचा, "काय मग, युद्ध कधी?" आणि हे मान वर न करता सांगायचे, "तू माझी पँट शिवून देशील त्या दिवशी."

कुणाला नळी बदलून हवी असायची, कुणाला आतली स्प्रिंग कडक करून. पण खरं काम असायचं ते मॅगझिनचं. पोळपाटाच्या पायाएवढा तो जड डबा, त्यात वर गोळ्या आणि खाली गॅस. तो गळायला लागला की रायफल नुसती खेळणं. गळती शोधायला आमच्याकडे एक निळा प्लॅस्टिकचा टब होता. टबात पाणी भरायचं, मॅगझिन बुडवायचं आणि बघत बसायचं. बुडबुडा जिथून येईल तिथली रबरी कडी बदलायची. बदलून झालं की पुन्हा बुडवायचं. पाणी हललं नाही की हे म्हणणार, "झालं." आणि गिऱ्हाईक निघताना दरवेळी तेच सांगणार, "रिकामं ठेवू नका हं. थोडा गॅस राहू द्या आत. नाहीतर रबर सुकतं."

लेकीनं हे सगळं खाली बसून, मग स्टुलावर चढून आणि मग ह्यांच्या खांद्याला खांदा लावून बघितलं. कॉलेजात जायला लागेपर्यंत तिचा हात ह्यांच्याइतका बसला होता. हे तिला मिस्तरी म्हणायचे. "मिस्तरी, जरा ही पिन बघा." ती म्हणायची, "बाबा, तुम्ही बघून बिघडवलीत वाटतं." मी आतून ओरडायचे की मुलीची जात, नखात सदा काळं तेल, कोण करील हिला. त्यावर बापलेक एकमेकांकडे बघून हसायचे. मीही हसायचे, पातेल्याकडे तोंड करून.

तिनं स्वतःसाठी एक रायफल बांधली होती. कुठकुठच्या मोडक्यांचे सुटे भाग गोळा करून. रविवारी तीच घेऊन खेळायला जायची, लांबडी म्हणून एक मैत्रीण होती तिच्याबरोबर. एका रविवारी परत आली ती खोकतच. तरी आधी रायफल पुसली, मॅगझिनमध्ये थोडा गॅस भरला, दोन्ही जाळीला टांगलं आणि मला म्हणाली, "आई, हात नको लावू, पुढच्या रविवारी लागेल." बुधवारी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. दोन्ही फुप्फुसं भरली होती.

तिच्या उशाशी भिंतीवर एक बाटली होती. ऑक्सिजन त्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडत नळीत जायचा. आम्ही दोघं तिच्याकडे कमी आणि त्या बाटलीकडेच जास्त बघायचो. हे खुर्ची सोडायला तयार नसायचे. शेवटच्या दिवशी सकाळी नर्सनं सांगितलं, खाली जाऊन एवढं औषध घेऊन या. मी जाते म्हटलं, पण माझे पाय सुजलेले, म्हणून हे गेले. औषधाची पिशवी घेऊन वर आले तेव्हा नर्सनं ऑक्सिजनचा खटका फिरवून बंद केलेला होता. बाटलीतलं पाणी स्थिर होतं. हे दारातच उभे राहिले, पिशवी हातात धरून. कुणीतरी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

पुढे केव्हातरी दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक गळकं मॅगझिन घेऊन आलं. ह्यांनी टब भरला, मॅगझिन बुडवलं. पाण्यातून बुडबुडे वर यायला लागले तसे हे उठले आणि ओल्या हातानं मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहिलं. त्या दिवसापासून ते टबाला शिवेनात. मॅगझिन कानाला लावून गळती शोधायचे. मोठी गळती कानाला कळते, बारीक कशी कळणार? दुरुस्त केलेला माल परत यायला लागला. ह्यांच्या हातचं काम परत आलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. एकानं तोंडावर म्हटलं, "काका, आता नातवंडं खेळवा." नातवंडं.

मग मी टब स्वयंपाकघरात नेला. हे दुकानातून मॅगझिन माझ्या हातात द्यायचे, मी ओट्यावर टबात बुडवायचे. दाराआडून ह्यांचा आवाज यायचा, "कुठून?" मी सांगायचे, "तळातून." किंवा "वरच्या खटक्यापाशी." ते रबर बदलून परत आणून द्यायचे आणि पुन्हा विचारायचे, "कुठून?" मग मी म्हणायचे, "कुठूनच नाही." आमच्या संसारातलं बरंचसं बोलणं त्या वर्षांत एवढंच होतं. दुकान मात्र सावरलं.

लेकीची रायफल जाळीलाच होती. हे रोज सकाळी फडक्यानं ती पुसायचे, तिच्या शेजारचं मॅगझिनही पुसायचे. कधी विकायची गोष्ट निघाली नाही. तिनं भरलेला गॅस आत होता, त्यात ह्यांनी भर घातली नाही की तो सोडला नाही. मी एकदा म्हटलं, रबर सुकेल, थोडा भरा. म्हणाले, "तिचा आहे तो. त्यात आपला कशाला मिसळायचा?"

काही वर्षांनी एका दुपारी लांबडी आली. तिच्या रायफलची स्प्रिंग कडक करून हवी होती. बाई झाली होती आता, केस कापलेले, पण उंबऱ्यावर वाकायची सवय तीच. मी पाणी दिलं. पिता पिता ती जाळीकडे बघत होती. ह्यांना विचारून तिनं लेकीचं मॅगझिन खाली घेतलं, तळव्यावर तोललं आणि बोट तळाच्या खाचेतून फिरवलं. बोट चकाकलं.

"काका, तळाला तेल आलंय," ती हळूच म्हणाली. गॅस गळतो तेव्हा बरोबर तेलही बाहेर येतं, हे तिला लेकीनंच शिकवलेलं. "मी देते करून. रिकामं करायचं, दोन स्क्रू, एक रबर."

"रिकामं करायचं नाही," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण लांबडीनं मॅगझिन असं खाली ठेवलं जसं काही ते गरम होतं. मी तिला दारापर्यंत सोडलं. ती म्हणाली, काकू, मी उगाच बोलले. मी म्हटलं, नाही गं. रोज फडकं फिरवणाऱ्या माणसाला ते तेल दिसलं नसेल असं मला वाटत नव्हतं.

परत आत आले तर हे स्वयंपाकघरात उभे. टब नळाखाली धरलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो हातात घेतला होता. भरलेला टब त्यांनी दुकानात नेऊन कामाच्या टेबलावर ठेवला आणि लेकीचं मॅगझिन अलगद पाण्यात सोडलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग तळाच्या खाचेत मोहरीएवढा एक बुडबुडा धरला, फुगला, सुटला आणि वर येऊन फुटला. आम्ही दोघं बघत राहिलो. थोड्या वेळानं दुसरा.

मी म्हटलं, "पिन दाबली की सगळा गॅस एका झटक्यात जाईल. उगाच कशाला हाल करून घेता?"

"नको. त्याच्या चालीनं जाऊ दे." मग खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "त्या दिवशी मी खाली गेलो होतो."

मी दुकानाचं दार लोटून घेतलं.

हे तिथून उठले नाहीत. ताट मी टेबलावरच आणून दिलं, ते त्यांनी टबावरची नजर न काढता चिवडलं. शिंप्यानं खिडकीतून डोकावून विचारलं, "काय हो, मासे पाळलेत की काय?" मी हातानंच त्याला गप्प केलं. त्याला काय समजलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी तो शिवलेली पँट घेऊन आला आणि न बोलता खिडकीत ठेवून गेला. हे अजून तिथेच होते. खुर्चीत डुलकी लागायची, मान खाली गेली की दचकून उठायचे आणि आधी पाणी बघायचे. बुडबुडे फार लांबले होते. मधे इतका वेळ जायचा की वाटायचं संपलं, आणि मग एक यायचा.

शेवटचा कोणता ते आम्हाला येताना कळलं नाही. एक आला, वर येऊन फुटला, आणि मग आलाच नाही. हे वाट बघत बसले. ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं तरी बसले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा त्यांनी मान हलवली.

मॅगझिन बाहेर काढून त्यांनी पुसलं. पिन दाबली. काहीच आवाज आला नाही. मग तळाचे स्क्रू काढून जुनं रबर चिमट्यानं उचललं. ते कडक झालं होतं, बोटात धरताच तुकडे पडले. तुकडे त्यांनी शर्टाच्या खिशात टाकले. नवीन रबराला तेलाचं बोट लावून बसवलं, स्क्रू आवळले. गॅसची डबी उलटी धरून थोडा भरला, बाकी गिऱ्हाइकांच्यात भरायचे तेवढाच. कामात कुठे चूक नव्हती.

मग मॅगझिन पुन्हा टबात सोडलं आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. पुसतच राहिले.

"कुठून?" त्यांनी विचारलं.

मी टबावर वाकले. चांगलं निरखून पाहिलं. पाण्यात खिडकीची जाळी दिसत होती, जराही न हलता.

"कुठूनच नाही," मी म्हटलं.