पडद्यावर इद्दर काय बोलला

सिनेमा गावात दाखवणार हे कळल्यापासून इद्दरच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मोरोक्कोतल्या वर्झाझात गावाला सिनेमाचं काही कौतुक नाही. गावाबाहेर प्लास्टरचे तुरुंग उभे असतात आणि युरोपातली माणसं आपल्या जुन्या जाडजूड कादंबऱ्या घेऊन तिथं येतात. खून, कोठडी, साखळदंड, पश्चात्ताप. कधी रशियन कादंबरी, कधी स्पॅनिश, कधी फ्रेंच. भिंत तीच, रंग तेवढा नवा. आत बसणारे कैदीही तेच. इद्दर, त्याचा शेजारी हद्दू आणि दाढी वाढवलेले आणखी तीस-चाळीस जण. अठरा वर्षांत इद्दर नऊ वेळा तुरुंगात गेला होता आणि चार वेळा फासावर चढला होता.

या कैद्यांना एक खोड होती. मागं बसून पुटपुटायचं असलं की ते ताशल्हीत नावाच्या आपल्या डोंगरी बोलीत वाटेल ते बोलत. साहेबाला काय कळतंय? कुणी सासूला शिव्या घाली. हद्दू तर दर सिनेमात पाद्र्यापुढं गुडघे टेकून, डोळे मिटून म्हणायचा, “देवा, आज तरी घरी मसूर नको.” त्यामुळं सिनेमा आला की गाव गोष्ट बघायला जात नसे. आपली माणसं मागं काय बोलतात ते ऐकायला जाई.

या फ्रेंच सिनेमात इद्दर जे बोलला होता, ते ऐकण्यासारखं नव्हतं.

प्रसंग साधा होता. नायकाच्या शेजारच्या कोठडीत एक म्हातारा कैदी असतो. बायको गेल्याची बातमी त्याला दाराच्या फटीतून कळते. दिग्दर्शकानं दुभाष्याकडून सांगितलं, “तुमच्या भाषेत काहीही बोला. वर संगीत येणार आहे.” इद्दरची बायको तुदा जाऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. कोठडीत तो एकटाच होता, समोर सगळे परके. तो भिंतीला डोकं टेकून बोलत सुटला. थांबला तेव्हा दिग्दर्शक डोळे पुसत होता.

गेल्या महिन्यात दुभाष्याचा फोन आला. “इद्दर, साहेबांनी तिथलं संगीतच काढून टाकलं. नुसता तुमचा आवाज ठेवलाय. पॅरिसला लोक रडले म्हणे.”

पॅरिसचं काही नव्हतं. पण अगादीरहून इत्तो येणार होती. त्याची एकुलती एक मुलगी, बापाचा सिनेमा बघायला, दोन पोरांना घेऊन.

“तू कशाला येतेस एवढ्या लांब?” तो फोनवर म्हणाला होता. “मी दोन मिनिटं दिसतो. तेही अंधारात.”

“दोन तर दोन. आई असती तर पहिल्या रांगेत बसली असती.”

तिच्या आईबद्दल इद्दरनं सगळ्यांना एकच सांगितलं होतं. सकाळी चांगली होती, चहा दिला, मी गेलो आणि मागं अचानक झालं. तुदाची थोरली बहीण लल्ला यामना चार बायकांत म्हणायची, “माझ्या बहिणीला इद्दरनं फुलासारखं जपलं.” हे ऐकलं की तो खाली मान घालायचा. बायका म्हणायच्या, बिचारा, किती दुःख आहे.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर नगरपालिकेचा हॉल भरला. इत्तो त्याच्या शेजारी बसली, धाकटं पोर मांडीवर. पडद्यावर कैद्यांची रांग आली आणि हॉल खदखदा हसला. हद्दूनं या वेळी मसुराऐवजी भोपळा मागितला होता.

“हद्दूकाका, घरी काय मिळतं हो तुम्हाला?” इत्तो मागं वळून म्हणाली.

“बाई, तुरुंगातलं बरं असतं!”

इत्तो हसली. हसली की ती अगदी तुदासारखी दिसे. इद्दर तिच्या कानाशी वाकला. “इत्तो, चल, आपण जाऊ. मला बरं वाटत नाही.”

“बाबा, लाजताय काय? तुमचंच तर यायचंय.”

“तुला एक सांगायचंय.”

“मग सांगा. आधी बघू द्या.”

सांगायला अर्धा तास होता. तो त्यानं पंजे मांड्यांखाली दाबून घालवला.

मग कोठडी आली. त्याचं मोठं, मळकट तोंड. मागून कुणी ओरडलं, “गप्प बसा रे, इद्दर काय म्हणतोय ऐकू द्या!” लोक हसायच्या तयारीनं गप्प झाले.

“तुदा,” पडद्यावरचा इद्दर म्हणाला, “दोन दिवस तू छातीत कळ येते म्हणत होतीस. मी म्हटलं, उद्या नेतो. एकदा कॅमेऱ्यात तोंड दिसलं की रोज शूटिंगला जावं लागतं, नाहीतर दुसऱ्याला बसवतात, म्हणून म्हटलं. सकाळी तू माझी बाही धरलीस. मी बोटं सोडवली, तुदा. एकेक करून सोडवली. आणि इथं येऊन साखळ्या घालून बसलो.”

फ्रेंच नायक भिंतीपलीकडून ऐकत होता. त्याला काही कळत नव्हतं. हॉलमध्ये सगळ्यांना कळत होतं.

मग हद्दू मोठमोठ्यानं खोकायला लागला. उसना खोकला होता तो, इद्दरच्या पुढच्या शब्दांवर पांघरूण घालायला. त्या खोकल्यानंच इद्दरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इत्तो पडद्याकडंच बघत राहिली. प्रसंग संपला, दुसरा लागला, पडद्यावर घोडे पळू लागले. मग ती हळू आवाजात म्हणाली, “आदल्या संध्याकाळी मी फोन केला होता.”

“हो.”

“तुम्ही म्हणालात, आई झोपलीय.”

“हो.”

“झोपली होती?”

“नाही. शेजारीच होती. फोन मागत होती. दिला असता तर तिनं तुला सांगितलं असतं. तू मला भंडावून सोडलं असतंस.”

इत्तोनं पोराचं टोपडं नीट केलं. ते नीटच होतं.

“मावशी आलेली नाही आज,” ती म्हणाली. “पण तासाभरात तिच्याकडं कुणीतरी जाईलच सांगायला. कुणी जायच्या आत तुम्ही जा.”

“तू येतेस?”

“नाही.”

तो उठला. रांगेतल्या माणसांनी गुडघे बाजूला घेतले. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही, हेही त्यानं बघितलं.

लल्ला यामनानं दार उघडलं. हाताला रव्याचे कण चिकटले होते, शुक्रवारचा कुसकुस चुलीवर होता.

“एवढ्यात संपला सिनेमा? ये, ये, आत ये. इत्तो कुठाय?”

“लल्ला,” तो उंबऱ्याबाहेरच म्हणाला, “आत बोलावू नकोस. आधी ऐक.”